शांत घोड्याची भीती

'बुजणे' हे क्रियापद मराठीने मुख्यतः जनावरांसाठी, आणि त्यातही घोड्यासाठी राखून ठेवले आहे. माणूस भितो, दचकतो, घाबरतो, घोडा बुजतो. या बुजण्यात भीती तर आहेच, पण तिच्याबरोबर चारही पायांनी जागा सोडण्याची तयारीही आहे. शेतातल्या पाखरांना बुजवायला उभे करतात ते बुजगावणे. आज ज्या घोड्याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्याला कोणी बुजरा म्हटले असते तर दोन वर्षांपूर्वी मी हसलो असतो. इतके शांत जनावर मी पाहिले नव्हते. त्याच्या शांतपणाविषयी माझी जी समजूत होती ती त्याला, मला आणि एका निरपराध तिसऱ्या माणसाला बरीच महाग पडली.

मी सरकारी नोकर. घोड्याशी माझी ओळख झाली ती मसुरीच्या प्रशासन अकादमीत, नोकरीच्या पहिल्या वर्षी. पहाटेच्या थंडीत आम्हा उमेदवारांना खोगिरावर चढवीत, आणि आम्ही बहुधा पलीकडच्या बाजूने उतरत असू. इंग्रजी अमदानीत हा विषय याहून गंभीर होता. श्री अरविंद आय.सी.एस.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, परंतु घोडेस्वारीची चाचणी पार न पडल्यामुळे १८९२ साली त्यांना वगळण्यात आले, आणि पुढल्याच वर्षी ते बडोद्यास गायकवाडांच्या सेवेत दाखल झाले. घोड्यावर न बसल्यानेही माणसाचे कल्याण होऊ शकते, हे त्यावरून दिसते. माझे तसे काही व्हायचे नव्हते. मी कसाबसा बसायला शिकलो आणि पुढे पंधरा वर्षे केवळ खुर्चीवर बसून राहिलो. चाळिशी उलटल्यावर बंगळुरास येणे झाले. पाठ दुखू लागली होती, वजन वाढले होते, आणि शहराच्या उत्तरेस, द्राक्षमळ्यांच्या जुन्या वाटेवर, घोडेस्वारी शिकवणारी एक लहानशी संस्था असल्याचे कानावर आले.

तिथे मला तो भेटला. कुमैत रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा, वय सोळा. पूर्वी शर्यतीत धावलेला. शर्यतीच्या पुस्तकातले त्याचे नाव लांबलचक इंग्रजी होते. परंतु पागेतली सर्व माणसे त्याला 'अण्णा' म्हणत. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. घरातल्या थोरल्या भावाप्रमाणे तो सर्वांना वाट देतो आणि सर्वांचे सोसतो, म्हणून अण्णा. सहा-सात वर्षांची मुले त्याच्यावर पहिला धडा गिरवीत. कोणी लगाम ओढो, कोणी आयाळ धरून लोंबकळो, अण्णा आपल्या गोल रिंगणात संथ चालत राही. मुलांच्या आया निर्धास्त असत. मीही निर्धास्त झालो.

भाद्रपदातली एक संध्याकाळ. रिंगणात फिरून कंटाळा आला म्हणून मी अण्णाला फाटकाबाहेर गल्लीत काढले. मोतद्दाराने, ज्याला इकडेही साईस म्हणतात, मला अडवले. तो कोलारकडचा विशीतला मुलगा. "निधान, सर, निधान," तो म्हणाला. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. कानडीत निधान म्हणजे सावकाश. शब्द एकच, आणि या दोन अर्थांचे नाते मला त्या दिवशी कळले नाही. हा घोडा तर म्हशीसारखा शांत, याला कसली सावकाशी, असे म्हणून मी पुढे गेलो.

गल्लीच्या वळणावर गणपतीची मिरवणूक होती. पुढे तमटे वाजत होते. तमटे हे चामड्याचे पसरट वाद्य, आपल्या हलगीची कानडी बहीणच म्हणा. ते जाळावर शेकून ताणलेले असले की त्याचा आवाज कानात खिळा ठोकावा तसा येतो. अण्णा थबकला. त्याची मान वर गेली, कान पुढे रोखले गेले, आणि माझ्या दोन्ही पायांखाली त्याचे अंग लाकडासारखे ताठ झाले. जाणत्या स्वाराने तिथेच उतरून घोडा मागे वळवला असता. मी टाच मारली. त्याच क्षणी कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. अण्णा जागच्या जागी गर्रकन फिरला, मी डाव्या अंगावर पडलो, शिरस्त्राण दगडावर आपटले. डांबरी रस्त्यावर नालांचा खडखडाट, मग घसरण्याचा एक लांब आवाज. धावत आलेल्या साईसाने बागडोर पकडली, ती त्याच्या हाताभोवती आवळली गेली, आणि तो पंधरा-वीस पावले फरफटत गेला. अण्णाचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. साईसाच्या उजव्या हाताची दोन बोटे मोडली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्या मुलाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच अधिक लागले.

जखमा महिन्याभरात भरल्या. परंतु अण्णा पूर्वीचा राहिला नाही. बादली आपटली की तो ठाणात भिंतीशी जाऊन उभा राही. वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली तर थरथरे. एका मुलीला पाठीवर घेऊन चालत असता कुठेतरी मोटारसायकल फटफटली आणि तो आडवा उडाला; मुलगी सुदैवाने धरून राहिली. संस्थेच्या चालकांपुढे मग दुसरा मार्ग नव्हता. मुलांना ज्यावर बसवता येत नाही त्या सोळा वर्षांच्या घोड्याला कोण पोसणार? तो विकायचे ठरले. अशा वयाचा, अशा स्वभावाचा घोडा विकला जातो म्हणजे कोणाकडे आणि कशासाठी जातो, ते मी इथे सांगत नाही. मी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली आणि दाणावैरणीचा खर्च माझ्याकडे घेतला.

मुदत तर मिळाली, पण करायचे काय? कोणीतरी मला एका निवृत्त रिसालदारांकडे पाठवले. फलटणकडचे गृहस्थ, सारी उमर लष्कराच्या घोड्यांत गेलेली, आणि आता मुलाकडे बंगळुरास राहायला आलेले. माझी हकीकत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "साहेब, रागावू नका. तुम्ही म्हणता घोडा शांत होता. तो शांत कुठला, तो घरी होता."

श्रोतेहो, या एका वाक्याचा अर्थ कळायला मला पुढचे सहा महिने लागले. अण्णा ज्या रिंगणात फिरे तिथला प्रत्येक खांब, प्रत्येक झाड, प्रत्येक वास त्याच्या ओळखीचा होता. त्या ओळखीलाच मी त्याचा स्वभाव समजलो. ज्याने कधी तमटे ऐकलेच नाही तो तमट्याला भीत नाही, असे कसे म्हणावे? उलट उघड उघड बुजणाऱ्या घोड्याविषयी माणूस सावध तरी असतो. शांत घोड्याची भीती कोणी विचारीत नाही, म्हणून ती अचानक भेटते.

घोड्याच्या बुजण्याला कारणही तसेच आहे. पळणे हेच त्याचे शस्त्र. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते. नेमके पाठीमागचे आणि कपाळापुढचे थोडे तेवढे दिसत नाही. माणसाला सेकंदास साधारण २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. घोड्याला साधारण ५५ ते ३३,५०० कंपनांचे. म्हणजे आपल्याला मुळीच ऐकू न येणारे पुष्कळ काही त्याच्या कानावर पडत असते. परंतु आवाज नेमका कोठून आला हे ओळखण्यात मात्र तो आपल्याहून फार कच्चा आहे. दोन आवाजांच्या दिशांत एखाद्या अंशाचा फरक असला तरी आपल्याला तो कळतो. घोड्याला पंचवीसेक अंशांचा लागतो. आवाज झाला एवढे कळावे आणि कुठे झाला ते कळू नये, अशा अवस्थेत तुम्हीआम्हीही आधी पळालो असतो आणि चौकशी मागाहून केली असती.

रिसालदारांनी पहिले तीन आठवडे काहीच केले नाही. किंबहुना मला तसे वाटले. जनावरांच्या डॉक्टरांकडून गुडघे, पाठ, डोळे, कान तपासून घेतले. दुखणे असेल तर भीती जात नाही, असे त्यांचे म्हणणे. मग रोज संध्याकाळी अण्णाला नुसते हाती धरून चरायला नेत आणि मला त्याच्याकडे बघायला लावीत. कान कुठे वळतात, नाकपुड्या केव्हा फुगतात, डोळ्याचा पांढरा भाग केव्हा दिसतो, शेपूट केव्हा आवळली जाते, श्वास केव्हा थांबतो. आणि उलट, केव्हा तो लांब फुरफुरतो, मान खाली सोडतो, ओठ चाटतो. आमच्या खात्यात वरिष्ठांचा चेहरा वाचण्याची विद्या प्रत्येक जण लवकर शिकतो. पण आपल्या ताब्यातल्याचा चेहरा वाचायला कोणी शिकवीत नाही. मी तो तीन आठवडे वाचला.

मग एक जुना तमटे आणला. साईसाचा धाकटा भाऊ वाजवायला तयार झाला. त्याला आंब्यांच्या रांगेपलीकडे, दीडशे पावलांवर बसवले, आणि चामडे शेकू दिले नाही. न शेकलेले चामडे सैल असते, आवाज बसका निघतो. इकडे अण्णाच्या तोंडाला तोबरा. पहिल्या ठोक्याला त्याने मान वर केली, कान रोखले, आणि क्षणभराने पुन्हा दाणे चघळू लागला. सात-आठ ठोके झाले. रिसालदारांनी हात वर केला, वाजवणे थांबले. "झाले आजचे," ते म्हणाले. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे झाली होती.

सारे रहस्य या थांबण्यात होते. घोडा दचकून उडाला आणि नेमका त्याच वेळी आवाज थांबला, तर उडाल्याने आवाज थांबतो असे तो शिकतो. तो स्वस्थ असताना आवाज थांबला, तर स्वस्थ राहिल्याने थांबतो असे शिकतो. म्हणून आवाज असा ठेवायचा की त्याचे लक्ष जाईल पण पाय हलणार नाहीत, आणि तो सैल पडला की बंद करायचा. पाय हललेच तर चूक आपली: आपण फार जवळ आलो. मग त्याला न रागावता वीस पावले मागे जायचे. दुसऱ्या दिवशी दीडशेऐवजी एकशे चाळीस पावले. कधी शंभरावरून पुन्हा दीडशेवर. माझ्या वहीत त्या आकड्यांची नोंद आहे, आणि तिच्यात चढापेक्षा उतार फारसे कमी नाहीत.

याच्या उलट एक जुनी पद्धत आहे. घोडा खांबाला जखडायचा आणि तो थकून उभा राहीपर्यंत भोवती डबे वाजवायचे. आमच्या पागेत एका सद्गृहस्थांनी तोच सल्ला दिला होता. आठ दिवसांत काम होईल म्हणाले. रिसालदार त्यांच्याशी वाद घालीत बसले नाहीत. परंतु मला पुस्तके चाळायची खोड. २००६ साली डेन्मार्कमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. दोन वर्षांच्या २७ अशिक्षित घोड्यांचे तीन गट केले. हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची एका गटाला एकदम पूर्ण सवय लावली, दुसऱ्याला खाऊ देत देत, आणि तिसऱ्याला पायरीपायरीने. पायरीपायरीने शिकलेले घोडे सर्वांत कमी वेळा उधळले, त्यांना एकंदर शिकवण्याही कमी लागल्या, आणि त्या गटातला प्रत्येक घोडा अखेर शिकला. इतर गटांत काही शिकलेच नाहीत. म्हणजे सावकाशीचा मार्गच जवळचा ठरला. त्या दिवशी मला 'निधान' शब्दाचे दोन्ही अर्थ जुळल्यासारखे वाटले. इकडच्या मालमोटारींच्या पाठीवर 'निधानवे प्रधान' असे लिहिलेले असते, तेही तेव्हापासून मी आदराने वाचतो.

ही काही आजची विद्याही नव्हे. ग्रीसमधील झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक ग्रंथ लिहिला. शिंगराला मोतद्दाराने गर्दीतून हिंडवावे, नाना दृश्ये आणि आवाज दाखवावेत, आणि ते घाबरले तर मारू नये, शांत करावे, असे त्यात आहे. बुजलेल्या घोड्याला मारले तर ज्या वस्तूला तो बुजला तिनेच आपल्याला दुखवले असे त्याला वाटते, हे कारणही त्याने दिले आहे. मिरवणुकीपुढे मी मारलेली टाच मला तो मजकूर वाचताना आठवली.

महिन्याभरात तमटे साठ पावलांवर आले. मग रिसालदारांनी एक युक्ती केली. वाजवणाऱ्या मुलाला त्यांनी आमच्याकडे पाठ करून चालत जायला सांगितले आणि अण्णाला त्याच्या मागून नेले. अंगावर येणारी वस्तू भय घालते. दूर जाणारीच्या मागे जायला घोड्याला भीती वाटत नाही, उलट थोडी जिज्ञासा वाटते. तिसऱ्या दिवशी अण्णा त्या मुलाच्या पाठीला नाक लावण्याइतका जवळ गेला. मुलगा वाजवतो आहे आणि हा त्याची बंडी हुंगतो आहे! साईस इतका हसला की त्याला बोटांचे प्लास्टर विसरायला झाले.

सोबतीला एक म्हातारी घोडी असे. पूर्वी ती वरातीत नाचलेली होती. बँड, पेट्रोमॅक्स, नवरदेवाचे मित्र हे सर्व तिने पाहिले होते. तमटे वाजू लागले की ती एक कान हलवी आणि झोपी जाई. तिच्याकडे बघून अण्णा सैल पडे. एकाने शांत राहिल्याने दुसरा कमी भितो, हेही पुढे डेन्मार्कमध्येच मोजून पाहिले गेले आहे. मग एकेक नवी वस्तू आली: छत्री, जमिनीवर पसरलेली ताडपत्री, दोरीवरच्या पिशव्या, शेवटी शेकलेले तमटे. प्रत्येक वस्तू डावीकडून दाखवली आणि पुन्हा उजवीकडून. एका डोळ्याने पाहिलेले घोड्याच्या दुसऱ्या डोळ्याला कळत नाही, अशी जुन्या स्वारांची समजूत आहे. प्रयोगांनी ती अक्षरशः खरी ठरलेली नाही. पण तीच छत्री दुसऱ्या बाजूने वेगळी दिसते एवढे खरे, म्हणून आम्हीही ते व्रत पाळले.

आता माझा स्वतःचा प्रश्न आला. जमिनीवर उभा असलेला अण्णा सुधारत होता, पण मी पाठीवर बसलो की पुन्हा ताठ होई. "साहेब, घोडा बुजत नाही आता. तुम्ही बुजताय," रिसालदार म्हणाले. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक चमत्कारिक प्रयोग मी नंतर वाचला. माणसाला सांगितले की पुढच्या फेरीला तुमच्या घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या छातीचे ठोके वाढले, आणि त्याबरोबर घोड्याचेही. माझे हात काय सांगत असतील ते अण्णाला माझ्या आधी कळत होते. यावर उपाय म्हणून रिसालदारांनी मला मोठ्याने बोलायला लावले. बोलणाऱ्या माणसाला श्वास सोडावाच लागतो. पण काय बोलायचे? स्तोत्रे येत नाहीत, गाणे तर नाहीच. मी पाढे म्हणू लागलो. एकोणतीसच्या पाढ्याशी मन इतके झटते की भीतीला जागा उरत नाही. बंगळुरातल्या त्या रस्त्याने जाणाऱ्यांनी घोड्यावर बसून पाढे म्हणणाऱ्या मध्यमवयीन गृहस्थाविषयी काय कल्पना केली असेल कोण जाणे.

एकदा तमट्याच्या तालावर रिंगणात फिरता फिरता रिसालदारांना त्यांच्या गावचे रिंगण आठवले. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीतले पहिले उभे रिंगण फलटण तालुक्यात तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी होते; लहानपणी ते बापाच्या खांद्यावरून त्यांनी पाहिले होते. दुतर्फा हजारो वारकरी, टाळमृदंगाचा गजर, माउलींच्या नावाचा घोष, आणि त्या दोन भिंतींमधून भरधाव जाणारे अश्व. एक स्वाराचा, एक माउलींचा, ज्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. इतक्या आवाजात, स्वाराचा आधार नसताना, तो घोडा उधळत कसा नाही? मला हे नेहमीच नवल वाटे. रिसालदारांचे उत्तर साधे होते. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात, आणि आळंदीपर्यंत चालत येतात. वाटेत गाव लागते, गावोगाव लोक दर्शनाला येतात, पाया पडतात, टाळ वाजतात. आळंदीहून पुढे मुक्कामामागून मुक्काम तोच गजर थोडा थोडा वाढत जातो. चांदोबाच्या लिंबापाशी येईपर्यंत त्याला तो ओळखीचा झालेला असतो. श्रद्धेने आपण जे म्हणायचे ते म्हणावे. परंतु त्या दीर्घ चालीत घोड्याचे भय मोडण्याची एक शहाणी व्यवस्था आपोआप झालेली आहे, असे मला वाटते.

म्हैसूरला ती मुद्दाम केलेली असते. कचेरीच्या कामासाठी मी दसऱ्याआधी तिकडे गेलो असता तोफांचा सराव पाहिला. विजयादशमीला सुवर्ण अंबारीतल्या चामुंडेश्वरीला २१ तोफांची सलामी देतात. मिरवणुकीतले हत्ती आणि पोलिसांचे घोडे त्या आवाजाने बिथरू नयेत म्हणून आधी त्यांना सरावासाठी तोफांसमोर आणतात. पहिल्या बारासरशी काही घोडे मागच्या पायांवर उभे राहिले. स्वारांनी त्यांना मारले नाही, वळवले, एक फेरी घातली आणि पुन्हा आणून उभे केले. तोफेचा नुसता आवाज नसतो; जमीन हादरते, दारूचा वास येतो. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून हे काम पुरे होत नाही ते यासाठीच.

बंगळुरात जयचामराजेंद्र नगरात म्हैसूर लान्सर्सचे स्मारक आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा येथे जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळांनी तोफा आणि यांत्रिक बंदुका रोखलेल्या असताना चढाई केली. त्या रस्त्याने माझी मोटार रोज जात असे. घोडे तोफांच्या तोंडी कसे गेले असतील, हा विचार अण्णाची शिकवणी चालू होईपर्यंत एकदाही मनात आला नव्हता. कोणीतरी कधीतरी, शांततेच्या दिवसांत, त्यांनाही दीडशे पावलांवरून पहिला बार ऐकवला असणार.

चार महिने झाले. अण्णा रिंगणात सर्व काही सोसू लागला, आणि आम्ही फाटक उघडले. तिथे मात्र सारे पहिल्यापासून! रिंगणातले तमटे त्याच्या ओळखीचे. गल्लीतले तेच तमटे, तोच मुलगा, परके. घोड्याला शिकवलेले त्या जागेपुरते असते. जागा बदलली की धडा पुन्हा घ्यावा लागतो. मी निराश झालो. मुदत संपत आली होती, माझ्यावर कामाचा बोजा होता, आणि खरे सांगायचे तर आता फळ दिसावे अशी घाई मला झाली होती. एके सायंकाळी रिसालदार नसताना मी अण्णाला वळणापर्यंत नेले. तो पुन्हा फिरला, मात्र उधळला नाही. तेवढ्याने आमचे तीन आठवडे गेले. रिसालदारांनी वहीत पाहून फक्त "एकशे चाळीस" म्हटले, आणि आम्ही पुन्हा एकशे चाळीस पावलांपासून आरंभ केला. चालकांनी मुदत दोन महिन्यांनी वाढवून दिली, हा त्यांचा मोठेपणा.

पुढे अण्णा विकला गेला नाही. रिंगणात मुले पुन्हा त्याच्यावर बसू लागली. गेल्या भाद्रपदात मिरवणूक त्याच गल्लीतून निघाली तेव्हा आम्ही फाटकापाशी उभे होतो. म्हातारी घोडी शेजारी, साईस मानेशी, बागडोर हाताभोवती न गुंडाळता घडी करून धरलेली. मी खोगिरावर. तमटे जवळ आले. अण्णाचे कान पुढे गेले, अंग ताठ झाले, मी एकोणतीसचा पाढा सुरू केला. माळ फुटली तेव्हा तो दोन पावले आडवा सरकला आणि उभा राहिला. तो थरथरत होता, हे मला पायांना कळत होते. मी पाढ्यात साताशी अडलो आणि गप्प झालो. मग त्याने लांब फुरफुरून मान खाली सोडली, आणि फाटकाच्या कडेचे गवत खाऊ लागला. रिसालदारांनी मला उतरण्याची खूण केली. मिरवणूक अजून निम्मी जायची होती. मी उतरलो.

आकाशात जाऊन फुटणाऱ्या बाणांना मात्र तो अजून भितो. त्यांना अंतरही नाही आणि दिशाही नाही; पायऱ्या कशा पाडायच्या ते आम्हाला साधले नाही. तेव्हा दिवाळीच्या रात्री त्याला बाहेर काढीत नाहीत. ठाणाच्या खिडक्यांना गोणपाट लावतात, घोडीला शेजारच्या ठाणात बांधतात, आणि रेडिओ हळू आवाजात चालू ठेवतात. यंदा मीही काही वेळ तिथे जाऊन बसलो. साईस गवताच्या भाऱ्यावर बसून उजव्या हाताची दोन बोटे दाबीत होता. थंडी पडली की ती अजून पुरती मिटत नाहीत. बाहेर बाण फुटला की अण्णा वैरण चघळायचे थांबे, ऐके, आणि काही वेळाने पुन्हा चघळू लागे. मध्यरात्रीनंतर आवाज कमी झाले. तेव्हा साईसाने रेडिओ बंद केला आणि मला घरी जायला सांगितले.